आर्ट स्कूलची फी: पैसे नेमके कशाचे?

हिशोब आधी मांडू. घरोघरी या विषयावर वाद होतात ते बहुतेक वेळा हिशोब न मांडताच.

समजा, एका खासगी संस्थेत चित्रकलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि फी वर्षाला ३ लाख आहे. पुण्या-मुंबईत याहून महाग संस्था पुष्कळ आहेत. सगळी फी शैक्षणिक कर्जातून भरली आणि व्याजदर साडेदहा टक्के धरला. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाही, पण व्याज चालूच राहतं. दरवर्षी सुरुवातीला ३ लाख उचलले, तर परतफेड सुरू होईपर्यंत साध्या व्याजानेसुद्धा ४ लाख ४१ हजार चढलेले असतात. म्हणजे १२ लाखांचे १६ लाख ४१ हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण २२ हजार १०० येतो आणि एकूण परतफेड साडेसव्वीस लाखांच्या वर जाते. खोलीचं भाडं, मेस, कागद, रंग, कॅनव्हास, लोकलचा पास हे सगळं वेगळं.

आता दुसरी बाजू. गॅलरी विक्रीतून साधारण ३० ते ५० टक्के ठेवून घेते. नव्या चित्रकाराचं एक चित्र २० हजारांना गेलं आणि कमिशन ४० टक्के असलं, तर हातात १२ हजार येतात. त्यातून कॅनव्हास, फ्रेम आणि टेम्पोचा खर्च वजा करायचा. नुसता हप्ता भागवायला महिन्याला दोन-तीन चित्रं विकली गेली पाहिजेत, तीही दहा वर्षं, न चुकता. तेविशी-चोविशीतल्या चित्रकाराला हे अपवादानेच जमतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पेंटिंग किंवा शिल्पकलेच्या पदवीसाठी एवढं कर्ज काढू नये. अप्लाइड आर्ट (जाहिरात आणि छपाईसाठीची कला), ॲनिमेशन, डिजिटल प्रॉडक्ट डिझाइन यांचं गणित निराळं आहे. तिथे पगाराची नोकरी असते आणि हप्ता निदान कागदावर तरी बसतो.

सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत मात्र हाच अभ्यास कितीतरी कमी पैशांत होतो. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट आणि राज्याबाहेर बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स किंवा शांतिनिकेतनचं कलाभवन. इथल्या जागा मोजक्या असतात. राज्यातल्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, सामान्यज्ञानाचेही प्रश्न असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं, पण स्मरणचित्रात भलेभले अडकतात. रस्त्यावरच्या माणसांचं रोजचं स्केचिंग नसेल, तर 'एसटी स्टँडवरची गर्दी' असा विषय आला की सगळी माणसं एकाच उंचीची, एकाच बाजूने पाहणारी आणि खिशात हात घातलेली निघतात, कारण हात काढता येत नाहीत.

फी कमी असो वा जास्त, ती कशासाठी द्यायची हे कळायला हवं. घरी बसून, मोबाइलवर पाहून, पुस्तकातून जे शिकता येतं त्यासाठी पैसे देण्यात अर्थ नाही. रंगचक्र, पर्स्पेक्टिव्हचे नियम, कलेचा इतिहास, सॉफ्टवेअर हे सगळं आज बाहेर चांगलं आणि जवळजवळ फुकट मिळतं. आर्ट स्कूलकडे घरी मिळत नाहीत अशा तीनच गोष्टी असतात: जिवंत मॉडेलसमोरचे तास, परवडणार नाही अशी यंत्रसामग्री, आणि बरोबर काम करणारी माणसं.

पहिल्या गोष्टीवर थोडं रेंगाळायला हवं, कारण तिची किंमत बाहेरून कळत नाही. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन जे.जे.चे प्रमुख झाले आणि तिथे लाइफ क्लास, म्हणजे जिवंत मॉडेल समोर बसवून काढण्याचा वर्ग, रुजला. आज शंभरावर वर्षं झाली, तरी हेड स्टडी (मॉडेलच्या डोक्याचा अभ्यास) आणि लाइफ (पूर्ण शरीराचा) हाच अभ्यासाचा कणा आहे. मॉडेल बसवतात तेव्हा पायांभोवती, हाताच्या टेकूशी खडूच्या खुणा करतात, म्हणजे विश्रांतीनंतर तीच पोज परत घेता येते. साधारण २५ मिनिटं बैठक आणि ५ मिनिटं विश्रांती असा क्रम चालतो. प्रकाश शक्यतो उत्तरेचा घेतात, कारण तो दिवसभर फारसा जागा बदलत नाही. सावल्या हलल्या नाहीत तरच मुलं एका डोक्यावर दोन-तीन दिवस काम करू शकतात.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हाफ इम्पिरियल कागद, म्हणजे १५ बाय २२ इंच, बोर्डावर लावतो आणि बोर्ड मांडीवर जवळजवळ आडवा ठेवून बसतो. कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब आणि तिरका राहतो, म्हणून तो आखूड दिसतो आणि हात नकळत तो वाढवून काढतो. बोर्ड भिंतीला टेकवून उभा केला की कपाळ ताणलेलं दिसतं. मुलगा तास न् तास नाक सुधारत बसतो आणि चूक असते बसण्याच्या पद्धतीत. सर मागून येतात, बोर्ड उभा करतात, त्याला उठवून सहा पावलं मागे नेतात आणि चालू लागतात. वीस सेकंदांचं काम, पण ते त्याच वेळी, त्याच चित्रावर व्हावं लागतं.

दुसरी नेहमीची चूक डोळ्यांची. मोठ्या माणसाच्या डोक्यात डोळे साधारण निम्म्या उंचीवर येतात. नवखा हात ते वर सरकवतो, कारण त्याचं लक्ष चेहऱ्यावर असतं आणि केसांखालची कवटी तो विसरतो. मग डोक्याचा वरचा भाग कापल्यासारखा दिसतो. तिसरी चूक डोळ्याच्या पांढऱ्या भागाची. 'पांढरा' म्हणून तो कागदाइतका कोरा ठेवला जातो. प्रत्यक्षात पापणीच्या सावलीत तो पुष्कळदा गालाच्या उजळ भागापेक्षा गडद असतो. डोळे किलकिले करून पाहा, असं शिक्षक शंभरदा सांगतात ते यासाठी. किलकिले केले की बारीकसारीक तपशील विरघळतात आणि उजेडाचे दोन-तीन मोठे ठोकळे उरतात. आधी ते ठोकळे बरोबर लागले पाहिजेत.

हे सगळं फोटोवरून का जमत नाही? जवळून काढलेल्या मोबाइल फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सावलीत डोळ्याला दिसणारा परावर्तित उजेड कॅमेऱ्यात बहुधा काळा होऊन जातो. शिवाय फोटोत सपाटीकरण आधीच झालेलं असतं. त्रिमितीतलं दोन मितींत आणणं हा चित्रकाराचा मुख्य निर्णय, आणि तो यंत्राने घेऊन टाकलेला असतो. फोटोवरून वर्षानुवर्षं सफाईदार पोर्ट्रेट काढणारी मुलं मॉडेलसमोर बसली की पहिले काही आठवडे हतबल होतात ती यामुळेच. त्यांचा हात तयार असतो, पण नजर तयार व्हायची असते.

यंत्रसामग्रीचं उदाहरण म्हणून एचिंग घेऊ, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा खोदून तिच्यावरून कागदावर छाप घेणं. जस्ताची प्लेट कापल्यावर तिच्या कडा तिरक्या घासाव्या लागतात, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली धारदार कड कागद आणि वरचं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) दोन्ही कापते. मग प्लेटवरचा तेलकटपणा पूर्ण काढायचा. बोटाचा एक ठसा जरी राहिला, तरी वर लावलेलं ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा थर, तिथे सुटतं आणि नको त्या जागी ॲसिड खातं. ग्राउंडवर सुईने रेषा काढून प्लेट पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवतात. जस्तासाठी आठ ते दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड पुरतं आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. रेषेवर बुडबुडे धरतात ते पिसाने हलकेच झटकायचे, नाहीतर रेष तुटक खाल्ली जाते. हे उघड्या खिडकीशी, वाफ बाहेर खेचणाऱ्या पंख्याखालीच करायचं काम आहे. वन बीएचकेच्या बाल्कनीत करू नये, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. त्यानंतर शाई भरणं, मलमलीने आणि शेवटी तळहाताने ती पुसणं, भिजवून टिपलेला कागद वर ठेवणं. आणि मग लागतो तो प्रेस, कित्येक मण वजनाचा, लोखंडी रुळांचा. एकट्याने विकत घ्यायची ही वस्तूच नव्हे. सिरॅमिकची भट्टी, शिल्पाचं कास्टिंग, लिथोचे, म्हणजे दगडावरून छापण्याचे, दगड यांचंही तसंच. प्रिंटमेकिंग, सिरॅमिक किंवा शिल्पकला करायची असेल तर आर्ट स्कूलची गरज पेंटिंगपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे आधीच ओळखावं.

तिसरी गोष्ट माणसांची. 'चित्रकार एम. एफ. हुसेन कुठे शिकले होते?' हा प्रश्न या चर्चेत ठरलेला असतो, आणि त्याच्या जोडीला चित्रकार के. एच. आरा यांचं नाव. आरांनी घरकाम करत चित्रकला केली हे खरं. पण केतकर आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन त्यांनी ड्रॉइंगची ग्रेड परीक्षाही दिली होती. हुसेन इंदूरला कलाशिक्षक देवळालीकरांच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून मोठ्या आकाराचा सराव त्यांनी मजुरी घेऊन केला. आणि १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट उभा राहिला तेव्हा या दोघांशेजारी होते सूझा, रझा, बाकरे आणि गाडे. सूझांना जे.जे.तून १९४५ साली काढून टाकलं होतं, रझा आणि बाकरेही जे.जे.चेच. म्हणजे जे.जे.त न शिकलेल्यांनाही जे.जे.तलीच माणसं भेटली. आजच्या मुलाने 'मी स्वतःच शिकेन' म्हणताना हुसेनचं नाव घ्यावं, पण असे सोबती आपल्याला कुठे भेटतील, याचंही उत्तर तयार ठेवावं.

वर्गातल्या सोबत्यांमुळे पट्टी वर जाते. शेजारचा मुलगा सीएसएमटीला जाऊन संध्याकाळपर्यंत पन्नास स्केचेस करून येतो, हे रोज दिसलं की आपल्या पाच स्केचेसचं समाधान टिकत नाही. पुढची वीस वर्षं कामं सुचवणारी, स्टुडिओची जागा वाटून घेणारी, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चित्रं टांगायला येणारी माणसंही याच वर्गातून निघतात.

आर्ट स्कूल काय शिकवत नाही हेही सांगायला हवं. चित्राची किंमत कशी लावायची, कोटेशन कसं द्यायचं, ॲडव्हान्स किती घ्यायचा, छपाईचे हक्क म्हणजे काय, पावसाळ्यात चित्र कसं गुंडाळून पाठवायचं, यावर चार वर्षांत चार तासही मिळत नाहीत. शिकवणाऱ्यांची स्थितीही ओढगस्तीची असते. रिकामी पदं आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक हे सरकारी कला महाविद्यालयांचं जुनं दुखणं आहे. चांगला शिक्षक वर्षाच्या मध्यात निघून जातो आणि वर्ग तसाच राहतो.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेज पाहून या. ओपन हाऊसच्या दिवशी सगळंच रंगवलेलं असतं, तेव्हा एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी जा. मॉडेल आठवड्यातून किती तास बसतं आणि कितव्या वर्षापासून, ते विचारा. प्रिंटमेकिंगच्या खोलीत प्रेसच्या रुळावर हात फिरवा. गंज लागला, तर माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, तो प्रेस वापरात नाही. फेल्ट कडक झालंय का तेही पाहा. भट्टी गेल्या महिन्यात किती वेळा लागली ते शिपायाला विचारा, तो खरं सांगेल. स्टुडिओ संध्याकाळी किती वाजता कुलूपबंद होतो हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. पाचला कुलूप लागत असेल, तर तुम्ही फी भरताय ती अर्ध्या दिवसाची. 'सर डेमो देतात का?' हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. जो शिक्षक वर्गासमोर स्वतः ब्रश हातात घेतो, त्याच्याकडे चुकायची तयारी असते, आणि मुलं ती पाहून शिकतात. शेवटी वार्षिक प्रदर्शन पाहा. ते सगळ्यांना खुलं असतं. तिथे सगळी चित्रं एकाच हातची वाटली, तर तो हात शिक्षकाचा आहे असं समजा आणि दुसरं कॉलेज शोधा.

पैशांमुळे किंवा जागेअभावी कॉलेज मिळालंच नाही, तर आर्ट स्कूलमधल्या या तीन गोष्टी बाहेर उभ्या करता येतात. पूर्ण नाही, पण बऱ्याच अंशी. आठ-दहा जणांचा गट करा. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा मंडळाचा हॉल रविवारी तीन तासांसाठी घ्या. मॉडेलचं मानधन आधी ठरवा, त्याच दिवशी द्या, आणि फोटो काढायचे नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. सुरुवातीला एकेका मिनिटाच्या दहा पोज, मग पाच मिनिटांच्या सहा, आणि उरलेला वेळ एकच पोज, २५-२५ मिनिटांच्या बैठकींत. झटपट पोजसाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद चालतो, महागडा जाड कार्ट्रिज कागद त्यांवर वाया घालवू नये. तीच लांब पोज, तेच मॉडेल, तोच दिवा सलग चार रविवार ठेवा. पहिल्या रविवारी झालेलं चित्र चौथ्या रविवारी चुकीचं दिसायला लागतं आणि तिथून शिकणं सुरू होतं.

असे गट तीन-चार महिन्यांत विरळ होतात. कारण साधं आहे: इथे सबमिशन नसतं. त्यावर उपाय म्हणजे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेणं आणि प्रदर्शनाची तारीख, छोट्या हॉलची का होईना, आधीच ठरवून टाकणं. दुसरा धोका गोडव्याचा. सगळे एकाच पातळीचे असले की सगळे एकमेकांचं कौतुक करतात. महिन्यातून एकदा गटाबाहेरचा, वयाने आणि कामाने मोठा चित्रकार बोलवा आणि त्याला फक्त चुका दाखवायला सांगा. यंत्रांसाठी सामायिक स्टुडिओ आहेत. भोपाळच्या भारत भवनात ग्राफिक आणि सिरॅमिकच्या कार्यशाळा आहेत, दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ आहेत. नियम आणि जागा आधी विचारून जावं. मोठ्या शहरांतल्या काही खासगी स्टुडिओंमध्ये दिवसाच्या भाड्यावर प्रेस वापरता येतो. चित्रकाराला वर्षातून पंधरा दिवस प्रेस पुरत असेल, तर त्यासाठी चार वर्षांची फी भरायची गरज नाही.

आता पदवीच्या कागदाबद्दल. प्रदर्शनाला चित्र पाठवायला तो लागत नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज केला तर कामाचे नमुने पाहतात. त्या अर्जानंतरची प्रतीक्षा कित्येक वर्षांची असते, म्हणून अर्ज लवकर टाकावा हे जाताजाता सांगून ठेवतो. ॲनिमेशन किंवा गेम स्टुडिओ पोर्टफोलिओ बघतात. पण कॉलेजात शिकवायचं, परदेशात पुढचं शिकायचं, नेट द्यायची, तर पदवीला पर्याय नाही. शाळेत ड्रॉइंग टीचर व्हायचं असेल तर एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, लागतो. एटीडी हा कमी वर्षांचा आणि कमी खर्चाचा रस्ता आहे. जिल्ह्याच्या गावीही तो शिकवणारी महाविद्यालयं असतात, आणि हजारो मराठी घरांत कलेची पहिली पगाराची नोकरी त्याच कागदावर आली. आज ती वाट अरुंद झाली आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षण अर्धवेळ निदेशकावर (पार्ट-टाइम शिक्षकावर) ठेवलं आहे, तेही पट शंभरावर असेल तर. नुसत्या नोकरीच्या आशेने एटीडी करणाऱ्याने भरतीची परिस्थिती आधी नीट पाहावी.

एक गोष्ट मात्र माझ्या वरच्या हिशोबात बसत नाही. लहान गावातल्या मुलीने 'मी मुंबईत खोली घेऊन चित्रं काढते' म्हटलं तर घरचे परवानगी देत नाहीत. 'डिग्रीला ॲडमिशन मिळालीय, होस्टेल आहे' म्हटलं की वडील स्वतः बॅग उचलून सोडायला येतात. तिच्यासाठी कॉलेज म्हणजे घराबाहेरची चार वर्षं, स्वतःची कॉट आणि रात्री उशिरापर्यंत काम करायची मुभा. स्वतः शिकण्याचा सल्ला देणारे बहुतेक जण हे लक्षात घेत नाहीत, कारण त्यांना घराबाहेर पडायला कधी कारण द्यावं लागलेलं नसतं. अशा मुलीने सरकारी जागेसाठी जिवाचं रान करावं, एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा द्यावी लागली तरी. राज्यात २०२४ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या काही प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे. आपला प्रवर्ग, आपला अभ्यासक्रम आणि आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे फी भरण्याआधी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-पोर्टलवर) आणि कॉलेजच्या कार्यालयात दोन्हीकडे विचारून घ्यावं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघायला वेळ लागतो. तो बारावीची परीक्षा संपली की लगेच काढायला टाकावा, निकालाची वाट पाहू नये.